विटांच्या आतले घर

वुल्व्हरहॅम्प्टन शहराच्या उत्तरेला, जिथे वस्ती विरळ होत स्टॅफर्डशायरची शेते सुरू होतात, तिथे एका अरुंद रस्त्यावर मोझली ओल्ड हॉल आहे. नावावरून महालाची कल्पना करू नये. साधारण १६०० साली एका सुखवस्तू कॅथलिक कुटुंबाने बांधलेले हे घर. पुढे मालक दुसरीकडे राहायला गेले आणि शंभराहून अधिक वर्षे ते शेत कसणाऱ्या कुळांचे घर म्हणून नांदले. आज समोर दिसते तेही ऐसपैस शेतघरच: लाल विटांच्या भिंती, कौलारू उतरती छपरे, त्रिकोणी गेबल आणि वर विटांची जाडजूड धुराडी.

“मामा, हे सोळाशे सालचं?” बर्मिंगहॅमला राहणाऱ्या माझ्या भाचीने फाटकातूनच विचारले. तिची शंका रास्त होती. बाहेरच्या भिंतींच्या विटा १६०० सालच्या नाहीतच. त्या १८७० च्या सुमाराच्या, राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या. चारशे वर्षांचे घर आहे ते त्यांच्या आत, ओकच्या लाकडी सांगाड्याचे. जुने घर न पाडता त्याला चारी बाजूंनी विटांनी मढवले आहे. इंग्लंडमध्ये विटांची जुनी शेतघरे पुष्कळ आहेत. पण घरावर वीट का चढते, कशी चढते आणि ती चढल्यामुळे काय वाचते, हे सगळे एकाच उंबरठ्यावर पाहायचे असेल तर माझ्या मते मोझलीला जावे.

इंग्लंड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लाल विटांची घरे येतात, पण या देशात वीट रुळली ती फार उशिरा. रोमन लोकांनी फरशीसारख्या चपट्या विटा आणल्या. ते गेले आणि त्यांच्याबरोबर वीट भाजण्याचे कसबही गेले. नंतरची कित्येक शतके लोक रोमनांच्या पडक्या इमारतींतल्या विटा काढून आणून वापरत. सेंट ऑल्बन्सच्या मठाचा अकराव्या शतकातला मनोरा अशाच आणलेल्या विटांचा आहे. नव्याने भाजलेली वीट पुन्हा दिसू लागली ती पूर्वेकडच्या प्रांतांत, जिथे चांगला दगड नाही आणि समुद्रापलीकडच्या नेदरलँड्सशी येणेजाणे आहे. सफक परगण्यातला लिटल वेनम हॉल १२७० ते १२८० च्या आसपासचा. विटांनी बांधलेल्या सर्वांत जुन्या इंग्लिश घरांत त्याची गणना होते. पंधराव्या-सोळाव्या शतकांत राजे आणि सरदार विटांवर लुब्ध झाले. हॅम्प्टन कोर्टचा राजवाडा त्याच हौसेतून झाला. १५७१ साली लंडनच्या वीटकाम करणाऱ्यांच्या संघाला मिळालेल्या सनदेत विटेचे माप ठरले: ९ इंच लांब आणि सव्वादोन इंच जाड. आजच्या विटेपेक्षा ती पातळ होती.

शेतकऱ्याच्या घरापर्यंत मात्र वीट पोचायला आणखी शंभर-दीडशे वर्षे लागली. वीट स्वस्त नव्हती. शरद ऋतूत माती खणायची, थंडीभर उघड्यावर टाकायची म्हणजे बर्फाने ती फुटून मऊ होते, वसंतात तुडवून मळायची, लाकडी साच्यात थापायची, पेंढ्याखाली काही आठवडे सुकवायची आणि मग भट्टी लावायची. विटा जड, खराब रस्त्यांवरून बैलगाडीने त्या दूर नेणे परवडत नसे, म्हणून शक्य तिथे शेताच्या कडेलाच माती खणून भट्टी लावत. भट्टीत सगळ्या विटा सारख्या भाजत नसत. आगीला लागून असलेल्यांची टोके काचेसारखी चकाकणारी, निळसर काळी होत. जुन्या गवंड्यांनी त्या फेकून दिल्या नाहीत. लाल भिंतीत ती काळी टोके तिरक्या ओळींत बसवून चौकटींची नक्षी काढली. ट्यूडर काळातल्या भिंतींवर ही नक्षी हमखास भेटते.

पण लाकडी घर बांधणाऱ्यालाही एका गोष्टीसाठी वीट लागेच, ती म्हणजे धुराडे. मध्ययुगात घराच्या मध्यावर उघडी चूल पेटवीत आणि धूर छपरातून वाट मिळेल तसा बाहेर पडे. सोळाव्या शतकात विटांचे धुराडे आले आणि शेतघराचा सगळा आराखडाच बदलला. धूर नळीतून जाऊ लागला, म्हणून उंच दालनाच्या मध्ये तक्तपोशी घालता आली. वर माडी झाली, माडीवर निजायच्या खोल्या झाल्या. एकाच धुराड्याला खाली दोन आणि वर दोन शेगड्या जोडता येऊ लागल्या. मोझलीचे घर बांधले ते हा बदल पचल्यानंतर, त्यामुळे दोन मजले, वर माळा आणि सगळ्यांतून वर जाणारी विटांची धुराडी अशी त्याची रचना आहे. त्या वेळचे भिंतीचे अंग लाकडाचे, तर पोटातला अग्नी विटांच्या ताब्यात.

आपल्याकडच्या पेशवाई वाड्यात खांब, तुळया आणि कड्यांचा लाकडी सांगाडा भार घेतो आणि मधल्या जागा विटांनी किंवा मातीने भरतात. मोझलीच्या सुताराची पद्धत याहून फार वेगळी नव्हती. तळाला आडवी तुळई, तिच्यात रोवलेले उभे खांब, पुन्हा आडव्या पट्ट्या, असे चौकोन तयार करायचे. मधली जागा ओकच्या कामट्या विणून तिच्यावर माती, शेण आणि पेंढ्याचा गिलावा थापून बंद करायची. ओक ताजा, ओला असतानाच तासत, कारण वाळल्यावर त्याच्यावर हत्यार चालत नाही. सांध्यांना खिळे नसत. कूस आणि सळ जुळवून आरपार लाकडी खुंटी ठोकत. लाकूड वाळताना आवळते आणि सांधा अधिकच घट्ट होतो. म्हणूनच अशा घरांतल्या तुळया वाकड्या दिसतात, पण घर हलत नाही.

या बांधणीचा शत्रू एकच, पाणी. चौकटीचे लाकूड आणि मधला गिलावा वेगवेगळ्या गतीने आक्रसतात, त्यांच्यात फट पडते, पाऊस फटीतून शिरतो. जमिनीलगतची तुळई ओल धरते आणि तिथूनच घर कुजायला लागते. मोझलीचे मालक व्हिटग्रीव्ह कुटुंब एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत जवळच बांधलेल्या मोझली कोर्ट या नव्या घरात राहायला गेले आणि जुने घर कुळांकडे राहिले. डागडुजी जेमतेम होत असणार. १८७० च्या सुमारास लाकूड इतके खराब झाले होते की काहीतरी करणे भाग होते. कुजलेले खांब एकेक काढून नवे ओक बसवणे म्हणजे मोठा खर्च. त्यापेक्षा बाहेरून विटांची भिंत उभारणे सोपे. स्टॅफर्डशायरात विटेला तोटा नव्हता. माती तिथलीच, भाजायला कोळसा पायाखाली. याच परिसरातल्या लोहयुक्त लाल मातीची वीट जास्त तापमानाला, हवा कमी देऊन भाजली की निळी, दगडासारखी कठीण होते; कालव्यांच्या काठांना आणि रेल्वेच्या पुलांना ती देशभर गेली. वीस वर्षांपूर्वी हे काम काढले असते तर कर भरावा लागला असता. १७८४ साली अमेरिकेतल्या युद्धाचे कर्ज फेडण्यासाठी सरकारने विटांवर हजारी अडीच शिलिंगांचा कर बसवला होता. तो रद्द झाला १८५० मध्ये. कर नगावर होता, म्हणून काही भट्टीवाल्यांनी दुप्पट मोठ्या विटा पाडल्या आणि सरकारने १८०३ मध्ये मोठ्या विटांवर कर दुप्पट केला. जुन्या घरात अवाढव्य विटा दिसल्या तर त्या याच वर्षांतल्या असाव्यात असा अंदाज बांधायला हरकत नाही.

विटांची भिंत वाचायला शिकणे अवघड नाही, आणि एकदा शिकले की इंग्लंडमधला प्रवास बदलून जातो. भिंतीत विटेची लांब बाजू दिसते तेव्हा ती स्ट्रेचर, टोक दिसते तेव्हा हेडर. आपल्याकडे स्थापत्याच्या पहिल्या वर्षाला शिकवतात तेच. एक थर सगळा लांब बाजूंचा, वरचा सगळा टोकांचा, असे आलटूनपालटून असेल तर इंग्लिश बाँड. भिंत मजबूत, जुनी पद्धत. प्रत्येक थरात लांब-टोक-लांब-टोक अशी गुंफण असेल तर फ्लेमिश बाँड. लंडनजवळ क्यू इथे एका व्यापाऱ्याने १६३१ मध्ये बांधलेल्या घरात ती इंग्लंडमध्ये अगदी सुरुवातीला दिसते. अठराव्या शतकात दिसायला देखणी म्हणून तिने इंग्लिश बाँडला मागे टाकले. नुसत्या लांब बाजूच दिसत असतील, तर भिंत एका विटेच्या रुंदीएवढीच जाड असते, म्हणजे मागे काहीतरी वेगळे आहे: पोकळी, काँक्रीट किंवा जुने लाकूड. विटांच्या कडा वेड्यावाकड्या, सांधे जाड आणि रंगात भट्टीचा मूड उतरलेला असेल तर हाताने थापलेली जुनी वीट. कडा सरळ, माप एकसारखे, सांधे बारीक, तर बहुधा एकोणिसावे शतक किंवा नंतरचे. हा ठोकताळा आहे, नियम नव्हे, पण बरेचदा बरोबर निघतो.

सांध्यांतला माल हाही पाहण्याजोगा. १८२४ मध्ये लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले, तरी गावोगावच्या गवंड्यांच्या हातात पुढची कित्येक वर्षे चुनाच होता. चुन्याचा सांधा विटेपेक्षा मऊ असतो. भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडते, आणि झिजायचे ते सांध्याने झिजायचे, विटेने नाही. जुन्या भिंतीचे सांधे सिमेंटने भरले की ओल अडकते, थंडीत गोठते आणि विटेचा पापुद्राच उडतो. इंग्लंडभर अशा चेहरा गेलेल्या भिंती पाहिल्या आहेत, आणि त्या पाहून मला खरोखर वाईट वाटते. काम मन लावून केलेले असते, फक्त माल चुकीचा असतो.

मोझलीच्या भिंतीसमोर उभे राहून एवढे पाहिले आणि मग दार ओलांडले की एकदम वेगळ्या शतकात आल्यासारखे होते. बाहेर व्हिक्टोरियन वीट, आत पहिल्या एलिझाबेथच्या काळातला ओक. विटा चढवल्या तेव्हा जुन्या लाकडी दांड्यांच्या खिडक्याही काढून त्या जागी उघडमीट करणाऱ्या नव्या खिडक्या बसवल्या, त्यामुळे बाहेरून ओळख पार पुसली. आत मात्र तुळया, खांब, भिंतींवरची लाकडी तक्तपोशी आणि दारे जागच्या जागी आहेत. ओक काळपट, हाताने गुळगुळीत झालेला. जमीन थोडी कलती. माझी उंची बेताची, तरी काही दारांतून मान वाकवूनच जावे लागते.

राजाची खोली म्हणतात तिथे प्रत्येक जण थांबतो. हा राजा म्हणजे दुसरा चार्ल्स. ३ सप्टेंबर १६५१ रोजी वुस्टरच्या लढाईत पार्लमेंटचा सेनापती क्रॉमवेल याने त्याच्या सैन्याचा पुरता मोड केला. वडिलांचा, म्हणजे राजा पहिल्या चार्ल्सचा, शिरच्छेद दोन वर्षांपूर्वीच झालेला. चार्ल्स एकवीस वर्षांचा, सहा फुटांहून उंच, आणि त्याला पकडून देणाऱ्याला हजार पौंडांचे बक्षीस. पाच पेन्डरेल भाऊ आणि त्यांचा मेव्हणा यांच्या सोबतीने, गिरणीच्या घोड्यावर बसून, खेडवळ कपड्यांत तो ८ सप्टेंबरच्या पहाटे अंधारात मोझलीला पोचला. घराचे मालक टॉमस व्हिटग्रीव्ह आणि घरात लपून राहणारे कॅथलिक धर्मगुरू जॉन हडलस्टन यांनी त्याला मागच्या दाराने आत घेतले. पायांत न बसणाऱ्या जोड्यांनी त्याचे पाय फुटलेले होते. हडलस्टन यांनी ते धुतले, कोरडे कपडे दिले. कित्येक रात्रींनंतर तो पलंगावर झोपला.

या खोलीला लागून एक छोटी कोठी आहे. तिच्या जमिनीतला भाग उचलला की खाली काळोखी पोकळी दिसते. मी गुडघे टेकून आत डोकावलो. चारी बाजूंना विटा आणि लाकूड, उभे राहायला वाव नाही, पाय पसरायलाही नाही. सहा फुटी माणसाने तिथे अंग मुडपून, श्वास आवरून बसायचे. १५८५ च्या कायद्याने कॅथलिक धर्मगुरूने इंग्लंडमध्ये असणे हाच राजद्रोह ठरला होता आणि त्याची शिक्षा मृत्यू होती, म्हणून निष्ठावंत कुटुंबांनी घरात अशा जागा करून ठेवल्या. वास्तुरचनेच्या दृष्टीने यात मोठे चातुर्य आहे. धुराडे जाड असते, त्याच्या कडेला शेगडी, कपाट, जिना असे कोनाडे पडतातच. बाहेरचे माप आणि आतल्या खोल्यांचे माप यांचा मेळ सहसा कोणी घालत नाही. लपायची जागा त्या न जुळणाऱ्या मापात असते. शोधायला येणारे भिंती ठोकून पाहत, फळ्या उचकटत. तरी अनेक जागा सापडल्या नाहीत.

९ सप्टेंबरला सैनिक आले. व्हिटग्रीव्ह यांनी राजाला त्या पोकळीत उतरवले आणि घराची सगळी दारे सताड उघडी टाकून स्वतः पुढे झाले. तुम्ही वुस्टरला लढलात, असा सैनिकांचा आरोप होता. शेजाऱ्यांनी सांगितले, हा गृहस्थ आजारी असतो, घर सोडून गेलेला नाही. उघड्या दारांच्या घरात लपवण्यासारखे काय असणार, असे वाटून सैनिक घर न तपासताच परत गेले. त्या मध्यरात्रीनंतर चार्ल्स बेंटलीच्या लेन कुटुंबाकडे निघाला. महिनाभर आणखी वणवण करून १५ ऑक्टोबरला दक्षिण किनाऱ्यावरच्या शोरहॅमहून गलबताने तो फ्रान्सला निसटला.

चार्ल्सचा जन्म १६३० चा. शिवाजी महाराजांचा जन्मही त्याच वर्षीचा, फाल्गुन वद्य तृतीयेचा. सप्टेंबर १६५१ मध्ये सह्याद्रीत स्वराज्याची घडी बसत होती तेव्हा त्यांच्याच वयाचा हा मुलगा स्टॅफर्डशायरच्या एका घरात जमिनीखाली बसला होता. तो पकडला गेला असता तर मुंबईचा इतिहासही वेगळा झाला असता. १६६० मध्ये चार्ल्स गादीवर आला, १६६१ च्या तहाने पोर्तुगालच्या कॅथरिनशी त्याचा विवाह ठरला आणि आंदणात मुंबई मिळाली. १६६८ मध्ये त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने देऊन टाकली. गिरगावात वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला ती कोठी पाहताना हे आठवल्याशिवाय राहत नाही.

पुढच्या दर्शनी देवडीच्या वरही एक छोटी खोली आहे. तिच्या खिडकीतून चार्ल्सने आपल्याच पराभूत, उपाशी सैनिकांना रस्त्याने जाताना पाहिले असे सांगतात. त्या दिवसांत हडलस्टन यांच्याकडे शिकणारी मुले माळ्यावरच्या खिडक्यांतून पहारा देत होती. माळ्यावर कुटुंबाचे छोटे प्रार्थनाघर आहे. चार्ल्सचा शेवटही याच घराशी जोडलेला: १६८५ च्या फेब्रुवारीत चार्ल्स मृत्युशय्येवर असताना त्याला कॅथलिक पंथाची दीक्षा द्यायला मागच्या जिन्याने आणले गेले ते हेच जॉन हडलस्टन.

घर आणखी पाहायचे असेल तर माळ्यावर चढून छपराचे लाकूड पाहा. खाली राहणाऱ्यांनी तक्तपोशी बदलली, रंग दिला, खिडक्या फिरवल्या. वर कोणी फारसे जात नाही, म्हणून सुताराचे काम सुताराने सोडले तसे राहते. एखाद्या जुन्या घराचे खरे वय छपराखाली कळते, पुढच्या भिंतीवर नाही.

१९४० मध्ये विगिन कुटुंबाने हे घर घेतले आणि दुरुस्तीला हात घातला. १९६२ मध्ये त्यांनी ते जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दिले. तेव्हा घरात सामानसुमान जवळपास नव्हते आणि बागही उरली नव्हती. ट्रस्टचे उद्यानतज्ज्ञ ग्रॅहम स्टुअर्ट टॉमस आणि माइल्स हॅडफिल्ड यांनी नवी बाग उभी केली ती सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये असलेल्याच झाडांची. मधला आखीव भाग रेव्हरंड वॉल्टर स्टोनहाऊस यांच्या १६४० च्या आराखड्यावरून केला आहे: बॉक्स नावाच्या झुडपाच्या बुटक्या कुंपणांच्या रेषा, त्यांच्यामधे रंगीत खडी. वरच्या मजल्याच्या खिडकीतून पाहिले तरच आकृती नीट कळते. अशा बागा माडीवरून पाहण्यासाठीच आखत. शेतावरच्या विटांच्या इमारतीही आवारात आहेत. त्यांच्या भिंती घराइतक्याच निवांत पाहा. घर सजवायला मालकाचा पैसा असतो, गोठ्याला नसतो, त्यामुळे गवंड्याचा रोजचा, साधा हात तिथेच दिसतो.

आता माझे मत. काही जाणकारांना वाटते, आणि मी तेही ऐकले आहे, की या विटा काढून टाकून जुने काळेपांढरे लाकडी रूप मोकळे करायला हवे होते. विटा चढण्याआधीची चित्रे आहेत, त्यांवरून ते साधलेही असते. ट्रस्टने तसे केले नाही, आणि ते योग्यच झाले असे मला ठामपणे वाटते. पहिले कारण व्यवहाराचे: ज्या विटांनी शंभर वर्षे पाऊस अडवला, त्यांच्याच आसऱ्याने आतले लाकूड उरले. त्या काढल्या असत्या तर कुजलेल्या जागी नवे लाकूड घालावे लागले असते, आणि मग आपण १६०० चे घर नव्हे, १९६२ ची प्रतिकृती पाहिली असती. दुसरे कारण इतिहासाचे. कुळे राहत होती, पैसा बेताचा होता, तरी घर पाडू नये असे कोणाला तरी वाटले, ही गोष्ट त्या विटांखेरीज कुठेच लिहिलेली नाही. विल्यम मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली ती याच विचाराने: इमारतीवर चढलेले सगळे थर तिचेच असतात, आवडीचे शतक निवडून बाकीचे खरवडून टाकू नयेत.

काळाची उलटी चाल पाहायची असेल तर वुल्व्हरहॅम्प्टनच्याच पश्चिमेला विटिक मॅनरला जा. मोझलीवर विटा चढल्या आणि पुढच्या वीस वर्षांच्या आतच, १८८७ मध्ये, रंगाचे कारखानदार मँडर कुटुंबाने एडवर्ड ओल्ड या वास्तुकाराकडून कोऱ्या करकरीत लाकडी चौकटींचे, जुन्या धर्तीचे घर बांधून घेतले. १८९३ मध्ये ते वाढवले. एकीकडे शेतकऱ्याच्या घराचे अस्सल लाकूड झाकले जात होते, दुसरीकडे श्रीमंताच्या घराला तेच लाकूड हौसेने लावले जात होते. तिसरे ठिकाण बॉस्कोबेल हाऊस. मोझलीच्या आधी चार्ल्स तिथे लपला होता. ६ सप्टेंबरचा दिवस त्याने जवळच्या ओकच्या फांद्यांत काढला. हेही नंतर शेतघर झाले. त्याच्या बाहेरच्या भिंतींवर लाकडी चौकटींची नक्कल चक्क रंगाने काढलेली आहे. विटांमागे लाकूड, नवे लाकूड आणि रंगवलेले लाकूड, अशी तिन्ही घरे काही मैलांच्या अंतरात आहेत, आणि ती एकापाठोपाठ पाहिली की भिंतीवर विश्वास किती आणि कुठे ठेवायचा हे समजायला लागते.

बर्मिंगहॅमहून वुल्व्हरहॅम्प्टनला रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत पोचता येते. स्टेशनपासून मोझलीपर्यंत टॅक्सी सोयीची, कारण शेवटचा टप्पा अरुंद रस्त्याचा आहे. एम ५४ महामार्ग घराच्या अगदी जवळून जातो, तेव्हा गाडी असेल तर उत्तमच. घर रोज उघडे नसते, म्हणून नॅशनल ट्रस्टच्या संकेतस्थळावर दिवस आणि वेळ पाहूनच निघावे. आतले स्वयंसेवक मनापासून माहिती देतात. त्यांना राजाविषयी विचाराच, पण विटा कधी आणि का चढल्या हेही आवर्जून विचारा. वयस्क मंडळींनी जिने सांभाळावेत, उंच माणसांनी दारांच्या चौकटी. विटिकही ट्रस्टकडेच आहे. बॉस्कोबेल इंग्लिश हेरिटेजकडे असल्याने त्याचे तिकीट वेगळे काढावे लागते.